जमिनीवर ओढायची सेन्सर-माळ (लँड स्ट्रीमर): वेग की सारखेपणा?

भूतळवेध

उथळ भूकंपीय सर्वेक्षणाचा विषय निघाला की लँड स्ट्रीमरचं नाव येतंच, आणि त्याला जोडून एकच गुण सांगितला जातो: काम झटपट होतं. ते खरं आहे. पण माझ्या मते या साधनाचा मोठा गुण वेगळा आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्यावर बोलायला हा धागा.

विषय नवीन असलेल्यांसाठी आधी थोडक्यात. जमिनीवर घण मारला, वजन पाडलं किंवा व्हायब्रेटर चालवला की लहरी खाली जातात. काही थरांच्या सीमेवरून परावर्तित होऊन परत येतात, काही खालच्या कठीण थराच्या कडेने पळून वर येतात, काही पृष्ठभागालगतच पसरतात. त्या टिपायला रेषेत जिओफोन (जमिनीची हालचाल टिपणारे सेन्सर) लावतात. रूढ पद्धतीत प्रत्येक जिओफोनच्या बुडाला टोकदार खिळा असतो. तो जमिनीत रोवायचा, केबलला जोडायचा, शॉट (घणाचा ठोका किंवा तसा हादरा) घ्यायचे, मग उपटून पुढे नेऊन परत रोवायचा. रेषा लांब असेल तर दिवसाचा बहुतेक वेळ यातच जातो.

लँड स्ट्रीमरमध्ये खिळा नसतो. जिओफोन एका जड धातूच्या पाट्यावर पक्का बसवतात आणि असे 24 किंवा 48 पाटे ठरावीक अंतरावर, बहुधा 1 किंवा 2 मीटरवर, न ताणणाऱ्या पट्ट्याला बांधतात. पट्टा गाडीमागे. गाडी थांबते, शॉट होतो, गाडी दोन-चार मीटर पुढे सरकते, परत थांबते. चालत्या गाडीमागे मोजणी होत नाही, कारण पाटे घासल्याचा आवाज खऱ्या संकेताला गिळून टाकतो.

कल्पना अर्थातच समुद्रावरून आली. तिथे जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलमधून हायड्रोफोन (पाण्यातल्या लहरी टिपणारे सेन्सर) ओढतात. जमिनीसाठी असं काही करण्याचे प्रयत्न 1970 च्या दशकापासूनचे आहेत. अमेरिकेत क्रूपेनबाख आणि बेडेनबेंडर यांनी ओढत्या जमिनी केबलचं पेटंट त्याच काळात घेतलं. 1989 मध्ये आयकेन आणि सहकाऱ्यांनी स्वालबार्डच्या बर्फावर वापरलेल्या ‘स्नोस्ट्रीमर’चं वर्णन छापलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये व्हान डेर वेन आणि ग्रीन यांनी 1998 आणि 2001 मध्ये पक्क्या आणि कच्च्या जमिनीवरच्या चाचण्या मांडल्या. जपानमध्ये इनाझाकी यांनी 1999 मध्ये खास एस-लहरींसाठी (जमीन आडवी हलवत जाणाऱ्या लहरींसाठी) स्ट्रीमर बनवला. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

आता माझा मुद्दा. हाताने रोवलेला जिओफोन चांगला रोवला तर त्याचा जमिनीशी संपर्क पाट्यापेक्षा उत्तमच असतो. पण रेषेवरचे शेकडो जिओफोन सारखेच रोवले जात नाहीत. एक घट्ट, एक सैल, एक तिरपा, एक दगडावर. स्ट्रीमरचा पाटा थोडा कमी प्रतीचा संपर्क देतो, पण पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत तोच पाटा, तेच वजन, तेच अंतर, तोच ऑफसेट (शॉटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर). एकाच मापट्याने सगळं धान्य मोजावं तसं हे आहे: मापटं किंचित लहान असलं तरी कुठल्या पोत्यात जास्त आणि कुठल्यात कमी, हे बिनचूक कळतं. जमिनीखालचा बदल शोधणं हाच हेतू असेल तर हा सारखेपणा मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं येऊ द्या.

---

नवखा_भूशास्त्री

धाग्याबद्दल खूप आभार. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून एक अगदी प्राथमिक शंका. आम्हाला शिकवताना खिळा नीट रोवण्यावर एवढा भर दिला, आणि इथे तर सेन्सर नुसता जमिनीवर ठेवलेला. मग तो उडत कसा नाही? आणि त्यातून आलेल्या नोंदीवर विश्वास कसा ठेवायचा?

---

भूतळवेध

@नवखा_भूशास्त्री, प्राथमिक मुळीच नाही. या साधनाचं सगळं गणित याच शंकेभोवती आहे.

जिओफोनने जमिनीबरोबर हलावं, जमिनीपेक्षा वेगळं नाही, एवढीच अट असते. उथळ सर्वेक्षणात घणाच्या ठोक्याने जमीन जेवढी हलते ती हालचाल अतिशय सूक्ष्म असते. तिचं त्वरण गुरुत्वाच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे जड पाटा जमीन सोडून उडण्याचा प्रश्न येत नाही. अपवाद शॉटच्या अगदी शेजारचे एक-दोन पाटे, जिथे हादरा जोराचा असतो.

खरी अडचण दुसरी आहे. पाटा आणि त्याखालची मऊ माती मिळून वजन आणि स्प्रिंगसारखी जोडी तयार होते. तिची स्वतःची एक अनुनाद वारंवारता असते. त्या वारंवारतेच्या बऱ्याच खाली पाटा जमिनीशी प्रामाणिक राहतो. जवळ गेलं की मोठेपणा वाढतो आणि कला (फेज) सरकते. त्याच्यावर गेलं की नोंद कामाची राहत नाही. जमीन जितकी कडक तितकी ही वारंवारता वर जाते. म्हणून डांबरी रस्ता, काँक्रीट, दाबलेला मुरूम यांवर स्ट्रीमर उत्तम चालतो आणि नांगरलेल्या मातीवर हाल होतात.

इथेच पाट्याचा घाट महत्त्वाचा ठरतो. सपाट तळाचा पाटा खडबडीत रस्त्यावर डुगडुगतो. तीन टेकू दिले की तो कुठेही स्थिर बसतो, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. वजनाचंही तसंच. फार हलका पाटा वाऱ्याने आणि केबलच्या ओढीने हलतो. फार जड केला तर अनुनाद खाली उतरतो आणि ओढताना त्रास वाढतो.

---

जुना_वेधक

लेख वाचून आनंद झाला. मी आयुष्यभर खोल परावर्तनाचं काम केलं, त्यामुळे माझा दृष्टिकोन थोडा वेगळा आहे.

सारखेपणा मान्य. पण ज्या भूमितीला तुम्ही सारखी म्हणता ती मुळात तोकडी आहे. 24 पाटे 1 मीटरवर म्हणजे पसारा 23 मीटर. अपवर्तनात (कठीण थराच्या कडेने पळून आलेल्या लहरी वापरणाऱ्या पद्धतीत) ढोबळ हिशोब असा की खोली हवी त्याच्या चार-पाच पट लांबीचा पसारा लागतो. म्हणजे यातून पाच-सहा मीटरच्या खाली खडकाची पातळी मिळण्याची खात्री नाही. शिवाय शॉट नेहमी एकाच टोकाला. अपवर्तनात उलट दिशेचा शॉट नसला तर तिरपा थर आणि वेगातला बदल एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. थराच्या चढाच्या दिशेने जायचा वेळ आणि उताराच्या दिशेने जायचा वेळ दोन्ही हवेत. हा पाया आहे, तो सोडता येत नाही.

आणखी एक. खाली मऊ आणि वर कठीण असा थर असेल, म्हणजे वेग खोलीनुसार घटत असेल, तर अपवर्तन त्या मऊ थराला पाहूच शकत नाही. हे स्ट्रीमरमुळे होत नाही, पण स्ट्रीमर बहुतेक रस्त्यावरून चालवतात आणि रस्ता हाच वरचा कठीण थर असतो, म्हणून इथे सांगितलं.

---

भूतळवेध

@जुना_वेधक सर, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. शुद्ध अपवर्तनासाठी एकटा स्ट्रीमर वापरू नये असंच मीही म्हणेन. शॉट दोन्ही टोकांना घेता येतात, पण माणूस आणि वेळ दुप्पट लागतो.

यावर मला पटलेला उपाय स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या गटाने केला. त्यांच्या स्ट्रीमरला 100 त्रिघटक (तिन्ही दिशांची हालचाल टिपणारे) सेन्सर आहेत, पाच तुकड्यांत. चार तुकड्यांत दर 2 मीटरला एक आणि पाचव्यात दर 4 मीटरला एक, सगळे मिळून साधारण 240 मीटर. त्यापलीकडे रेषेवर बिनतारी नोंदणीयंत्रं आधीच रोवून ठेवायची आणि स्ट्रीमरचेच शॉट त्यांनाही टिपू द्यायचे. जवळचे ऑफसेट ओढत्या माळेतून, लांबचे रोवलेल्या यंत्रांतून. स्टॉकहोमच्या बायपास बोगद्याच्या मार्गावर त्यांनी असं काम केलं, तेही शहराच्या गोंगाटात. ब्रोडिक आणि सहकाऱ्यांचा 2015 चा लेख यावर सविस्तर आहे.

---

पायाभरणी

मी भूभौतिकीवाली नाही, पायाच्या रचनेचं काम करते. आमच्यापर्यंत या सर्वेक्षणातून एकच आकडा पोचतो: व्हीएस30. म्हणजे वरच्या 30 मीटरमधल्या एस-लहरीच्या वेगाची सरासरी. त्यावर भूकंपासाठी जमिनीचा वर्ग ठरतो. रूढ (2022 पूर्वीच्या) अमेरिकन वर्गवारीत 760 ते 1500 मी/से म्हणजे बी वर्गाचा खडक, 360 ते 760 सी, 180 ते 360 डी, त्याखाली ई.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण ती मी अहवालांमध्ये पाहिली आहे. ही साधी सरासरी नाही, प्रवासाच्या वेळावरून काढलेली सरासरी आहे. वरचे 10 मीटर 200 मी/से आणि खालचे 20 मीटर 400 मी/से असतील तर वेळ होतो 0.05 अधिक 0.05, एकूण 0.1 सेकंद. व्हीएस30 म्हणजे 30 भागिले 0.1, 300 मी/से. वेगांची नुसती खोलीनुसार सरासरी काढली तर 333 येतात. मऊ थर जितका मऊ तितकी ही तफावत वाढते, आणि ती नेहमी जमीन आहे त्यापेक्षा चांगली दाखवणाऱ्या बाजूला असते. वर्गाच्या सीमेजवळ असाल तर अख्ख्या इमारतीची रचना बदलते.

दुसरं, माझ्या हातात आलेल्या एका अहवालात (कुणाचा ते महत्त्वाचं नाही) 23 मीटरच्या स्ट्रीमरवरून, घण मारून, 30 मीटरपर्यंतचा वेग दिला होता. 12 मीटरच्या खालचा भाग सॉफ्टवेअरने स्वतःच खाली ओढून नेला होता, आणि आलेखात तो वरच्या भागाइतक्याच ठळक रेषेने काढलेला. @भूतळवेध, किती खोलीपर्यंत विश्वास ठेवायचा याचं एखादं सोपं मोजमाप आम्हा बाहेरच्यांना द्याल का?

---

नवखा_भूशास्त्री

पायाभरणी ताई, ते 300 आणि 333 चं उदाहरण वहीत उतरवून घेतलं. आम्हाला सूत्र दिलं होतं, पण ते चुकल्याने काय होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. खोलीबद्दल मलाही जाणून घ्यायचं आहे.

---

भूतळवेध

@पायाभरणी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वात उपयोगाचा आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

स्ट्रीमरवर सर्वाधिक होणारं काम म्हणजे एमएएसडब्ल्यू, पृष्ठतरंगांचं बहुचॅनल विश्लेषण. कॅन्ससच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या पार्क, मिलर आणि शिया यांनी 1999 मध्ये ते मांडलं. घणाच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा रॅले लहरींत (पृष्ठतरंगांच्या एका प्रकारात) जातो. परावर्तनवाल्यांच्या दृष्टीने तो कचरा, इथे तोच कच्चा माल. लांब तरंगलांबीची लहर खोलवरची जमीन हलवत जाते, आखूड तरंगलांबीची फक्त वरची. खाली कडक थर असेल तर लांब लहर जास्त वेगाने जाते. कुठल्या वारंवारतेला किती वेग याचा वक्र (फैलाववक्र) काढायचा आणि त्यावरून एस-लहरीचा वेग खोलीनुसार उलगडायचा. रॅले लहरीचा वेग एस-लहरीच्या साधारण नऊ-दशांश असतो, त्यामुळे दोन्हींचं नातं घट्ट आहे.

खोलीचं मोजमाप असं: भरवशाची खोली म्हणजे मोजता आलेल्या सर्वात लांब तरंगलांबीच्या सुमारे निम्मी. आणि भरवशाने मोजता येणारी सर्वात लांब तरंगलांबी ढोबळमानाने पसाऱ्याच्या लांबीएवढी. म्हणजे 23 मीटरच्या माळेतून 11-12 मीटर. तुमच्या त्या अहवालात रेषा जिथे तुटायला हवी होती ती जागा तुम्ही अचूक ओळखलीत. 30 मीटर हवे असतील तर 60 मीटरची तरंगलांबी हवी. 300 मी/से वेगाला ती 5 हर्ट्झवर मिळते. हाताच्या घणाने 5 हर्ट्झला पुरेशी ऊर्जा क्वचितच मिळते. जड वजन पाडायचं यंत्र लागतं, शिवाय 4.5 हर्ट्झचे जिओफोन लागतात.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. पाट्यांमधलं अंतर 1 मीटर असेल तर 2 मीटरपेक्षा आखूड तरंगलांबी ओळखता येत नाही, म्हणून अगदी वरचा मीटरभर थर हा अंदाजच असतो.

अहवाल घेताना एवढंच मागा: फैलाववक्राचं मूळ चित्र, त्यावर निवडलेले बिंदू, आणि सर्वात कमी वारंवारतेला वेग किती. वेग भागिले वारंवारता, आलं त्याचं निम्मं. त्याखालचं काहीही मोजलेलं नाही असं समजा.

---

पायाभरणी

हे भागाकाराचं सूत्र आजपासून माझ्या तपासयादीत. मनापासून आभार.

---

सोल्डर_आणि_वायर

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, सेन्सरबद्दल लिहितो.

नेहमीचा जिओफोन म्हणजे चुंबक आणि स्प्रिंगवर लटकलेलं तारेचं वेटोळं. वीज लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो, आणि कमी वारंवारतेला त्याचा स्वतःचा गोंगाट फार कमी. पण त्याला तीन दुखणी आहेत. एक, त्याच्या नैसर्गिक वारंवारतेच्या खाली तो झपाट्याने बहिरा होतो. दोन, 4.5 हर्ट्झवाल्याची स्प्रिंग मऊ असते, तो थोडा तिरपा झाला की वेटोळं एका बाजूला टेकतं. म्हणून जुन्या स्ट्रीमरांत जिओफोन झुलत्या कड्यांत बसवून आपोआप उभा राहील अशी सोय करत. तीन, वेटोळं हा अँटेनाच असतो. वीजवाहिनीजवळ गेलात की 50 किंवा 60 हर्ट्झची रेघ सगळ्या नोंदींवर उमटते.

मेम्स (चिपवरचा सूक्ष्म यांत्रिक) त्वरणमापी यांतलं बरंच सोडवतो. शून्य हर्ट्झपासून सरळ प्रतिसाद, त्यामुळे गुरुत्वही मोजतो, आणि म्हणून आपण किती तिरपे आहोत हे त्याला स्वतःलाच कळतं. संकेत सेन्सरपाशीच आकड्यांत बदलतो, त्यामुळे केबलमध्ये विजेचा गोंगाट शिरत नाही. वर सांगितलेल्या स्वीडिश स्ट्रीमरमध्ये हेच आहेत.

पण मी मेम्सचा आंधळा पुरस्कर्ता नाही. सर्वेक्षणात रुळलेल्या मेम्सचा स्वतःचा गोंगाट काही हर्ट्झच्या खाली जिओफोनपेक्षा जास्त भरतो. भूतळवेध म्हणतात तसं 5 हर्ट्झ हवे असतील तर नुसता “सरळ प्रतिसाद” हे शब्द वाचून हुरळू नये. प्रतिसाद सरळ असणं आणि त्या प्रतिसादात दुबळा संकेत दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

---

भूतळवेध

@सोल्डर_आणि_वायर, अगदी नेमकं. शहरात, रुळांजवळ, वाहिन्यांखाली काम असेल तर मी मेम्स घेईन. मोकळ्या जागी खोल एमएएसडब्ल्यूसाठी साधा 4.5 हर्ट्झचा जिओफोन अजूनही उत्तम.

तुमच्या यादीत ट्रिगर घालायचा राहिला. घण प्लेटला लागला तो क्षण नोंदणीयंत्राला नेमका कळला पाहिजे. संपृक्त (पाण्याने भरलेल्या) गाळात पी-लहर (दाबाची, सर्वात आधी पोचणारी लहर) साधारण 1500 मी/सेने जाते. एक मिलिसेकंद चुकला की दीड मीटर चुकला. आणि दरवेळी वेगवेगळा चुकला तर ठोक्यांची बेरीज करून गोंगाट कमी करायचा प्रयत्न उलट अंगाशी येतो, वरच्या वारंवारता एकमेकींना पुसून टाकतात. ठोके चौपट केले तर संकेत आणि गोंगाट यांचं प्रमाण दुप्पट होतं, हे गणित ट्रिगर पक्का असेल तरच खरं.

---

पाणलोट

आमचा विषय भूजल. गाळाखाली पुरलेल्या जुन्या नदीखोऱ्यांत पाणी शोधायला परावर्तन वापरतात असं वाचलं आहे. त्यासाठी स्ट्रीमर चालतो का? आणि आमच्या रेषा बहुधा शेतातून किंवा गवतावरून जातात, रस्त्यावरून नाही.

---

भूतळवेध

@पाणलोट, चालतो, आणि उत्तम उदाहरणं तुमच्याच विषयातली आहेत. कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छोटा व्हायब्रेटर आणि त्रिघटक स्ट्रीमर ही जोडी घेऊन कित्येक रेषा मोजल्या. मॅनिटोबातलं स्पिरिटवुड हे हिमयुगातल्या गाळाखाली दडलेलं खोरं त्यांपैकी एक. पुजँ आणि सहकाऱ्यांचं काम बघा.

या कामात एस-लहरींचं महत्त्व फार मोठं आहे आणि त्याचं कारण साधं आहे. थर वेगळे दिसण्याची मर्यादा तरंगलांबीच्या पाव भागाच्या आसपास असते. संपृक्त गाळात पी-लहरीचा वेग 1500 मी/से धरा, वारंवारता 100 हर्ट्झ: तरंगलांबी 15 मीटर, म्हणजे जवळपास चार मीटरपेक्षा पातळ थर हरवला. त्याच गाळात एस-लहर 200 मी/सेने जाते. 50 हर्ट्झ जरी मिळाले तरी तरंगलांबी 4 मीटर, आणि मीटरभराचा थर दिसतो. वारंवारता निम्मी असूनही चौपट बारकाई! शिवाय पी-लहर छिद्रांतल्या पाण्याचा वेग धरून बसते, त्यामुळे भूजलपातळीखाली वाळू आणि चिकणमाती तिला बऱ्याचदा सारखीच वाटते. एस-लहर पाण्यातून जात नाही, ती मातीच्या सांगाड्याचाच वेग सांगते.

यातून मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट निघते. आडव्या हादऱ्याच्या एसएच-लहरी मोकळ्या मातीवर मोजल्या की लव्ह लहरी नावाचे पृष्ठतरंग सगळी नोंद व्यापतात आणि परावर्तनं त्याखाली गाडली जातात. पण लव्ह लहर तयार व्हायला वर मंद आणि खाली वेगवान अशी रचना लागते. पक्क्या रस्त्यावर नेमकी उलट रचना असते: वर कडक डांबर, खाली मऊ भराव. लव्ह लहरींना आधारच उरत नाही आणि परावर्तनं स्वच्छ दिसतात. म्हणजे स्ट्रीमरला जो पृष्ठभाग ओढायला सोयीचा, तोच एस-लहरींना ऐकायलाही सोयीचा. जुना_वेधक सरांनी वर ज्या कडक थराला अपवर्तनातला अडथळा म्हटलं, तोच इथे मदतीला येतो. स्रोतही साधा असू शकतो: वजन देऊन दाबलेली लाकडी तुळई, एकदा डाव्या टोकावर घण, एकदा उजव्या. दोन्ही नोंदींची वजाबाकी केली की एसएच दुणावते आणि पी बरीचशी कापली जाते.

गवताचं मात्र मी गोड बोलणार नाही. उंच गवतावर पाटा तरंगतो. भेगाळलेल्या चिकणमातीवर एक टेकू भेगेत, दोन वर. अशा ठिकाणी ज्या सारखेपणासाठी स्ट्रीमर घ्यायचा तोच उरत नाही. शेताच्या कडेची गाडीवाट किंवा बांधालगतचा तुडवलेला पट्टा मिळत असेल तर रेषा तिथे हलवा. नाहीच मिळाला तर खिळेवाले जिओफोन रोवा, किंवा बिनतारी नोंदणीयंत्रं वापरा. कॅन्ससमध्ये स्टीपल्स आणि सहकाऱ्यांनी तर शेतीच्या अवजारावर जिओफोन बसवून ते यंत्राच्या दाबाने एकदम जमिनीत खुपसण्याचे प्रयोग केले होते. मऊ जमिनीचा प्रश्न किती चिवट आहे हे त्यावरूनच कळतं.

---

जुना_वेधक

लव्ह लहरींचा मुद्दा आवडला, मनापासून.

एक व्यवहाराची गोष्ट जोडतो. समुद्रात प्रवाहामुळे केबल बाजूला वाहते आणि प्रत्येक सेन्सर कुठे आहे हे वेगळं शोधावं लागतं. जमिनीवर ती चिंता नाही असं तरुण मंडळी धरून चालतात. सरळ रस्त्यावर ते खरं आहे. वळणावर पाटे गाडीच्या चाकोरीतून जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूने कापतात. जीपीएस फक्त गाडीवर असेल आणि पाट्यांच्या जागा गाडीच्या मार्गावर मागे मोजत धरल्या तर लांबच्या ऑफसेटला चूक मोठी होते. माळेच्या शेपटाला दुसरा जीपीएस बांधावा. आणि त्रिघटक सेन्सर असतील तर वळणात त्यांची दिशाही फिरते. आडवे घटक रेषेच्या दिशेशी पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. तीव्र वळणात मी तर मोजणी थांबवून पुढच्या सरळ भागात परत सुरू करेन.

---

नवखा_भूशास्त्री

सर, म्हणजे परावर्तनाची प्रक्रिया करताना या वाकड्या रेषेसाठी मध्यबिंदू वेगळे काढायचे का?

---

जुना_वेधक

हो. प्रत्येक शॉट-सेन्सर जोडीचा मध्यबिंदू खऱ्या जागांवरून काढा, ते नकाशावर टाका, त्या पुंजक्यामधून एक सरासरी रेषा ओढा आणि तिच्यावर कप्पे पाडा. किती नोंदी एका कप्प्यात पडतात तेही बघा. 48 पाटे 1 मीटरवर आणि शॉट दर 2 मीटरला असतील तर पट (एका कप्प्यातल्या नोंदींची संख्या) 12 यायला हवी. वळणात ती विस्कटते.

---

सोल्डर_आणि_वायर

आम्ही एक छोटा 24 पाट्यांचा स्ट्रीमर घडवायला घेतला आहे. ओढायच्या पट्ट्यासाठी काय वापरावं? नायलॉनचा दोर स्वस्त पडतो.

---

भूतळवेध

नायलॉन टाळा. तो ताणला जातो, थांबल्यावर हळूहळू आकसतो, आणि त्या आकसण्याने पाटे शॉटच्या वेळीही सरकत राहतात. अंतरही बदलतं. पॉलिस्टरचा रुंद पट्टा किंवा केव्हलार घ्या. पट्टा रुंद असला तर पाटे पिळवटत नाहीत, दोराला बांधलेले पाटे कलंडतात. सगळा ताण पट्ट्यावर यावा, विजेच्या केबलवर अजिबात नाही. केबल पाट्यागणिक थोडी सैल सोडा, पण एवढी नाही की लोंबून वाऱ्याने फडफडेल. पाटा आणि पट्टा यांच्यात रबराचा किंवा फेल्टचा तुकडा घाला, नाहीतर हादरा जमिनीऐवजी पट्ट्यातून पाट्यापाट्यात पळतो. गाडी आणि पहिला पाटा यांत बरंच अंतर ठेवा, आणि जमेल तिथे इंजिन बंद करून शॉट घ्या.

पहिल्याच दिवशी, खरं काम सुरू करण्याआधी, एक चाचणी करा. स्ट्रीमर जिथे चालवायचा तशाच जमिनीवर माळ थांबवा. प्रत्येक पाट्याच्या शेजारी त्याच बनावटीचा जिओफोन खिळ्याने रोवा (डांबरी रस्ता असेल तर लगतच्या मातीच्या कडेला), आणि दोन्हींवर एकाच घणाचे ठोके नोंदवा. मग जोडीजोडीने वर्णपट (कुठल्या वारंवारतेला किती जोर) काढा. खालच्या वारंवारतांना दोन्ही एकमेकांवर बसतील आणि कुठेतरी फाटतील. ती फाटण्याची वारंवारता म्हणजे तुमच्या स्ट्रीमरची त्या जमिनीवरची वरची मर्यादा. सगळे पाटे जवळपास एकाच ठिकाणी फाटत असतील तर माळ चांगली जमली. एखादा पाटा लवकर फाटत असेल तर त्याचे टेकू आणि सेन्सरचा स्क्रू तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. चाचणीचे आलेख इथे टाकलेत तर बघायला नक्की आवडेल, विशेषतः पॉलिस्टरचा पट्टा आणि फेल्ट घालण्याआधीचे आणि नंतरचे.

---

सोल्डर_आणि_वायर

पट्टा आणि फेल्ट दोन्ही मागवतो. चाचणी आधी डांबरावर आणि मग दाबलेल्या मुरुमावर करू, आलेख याच धाग्यात टाकतो.